किंमत तीच, शाफ्ट वेगळा: रॅकेटच्या वॉरंटीचा माझा अनुभव

बॅडमिंटनच्या दोन रॅकेटींची किंमत सारखी असली म्हणजे रॅकेटीही सारख्याच, असे मानणाऱ्या एका सेवा केंद्राशी मला नुकताच बराच पत्रव्यवहार करावा लागला. शेवटी हवी ती रॅकेट मिळाली, पण त्या पत्रव्यवहाराचा राग अजून पुरता उतरलेला नाही. ज्यांची रॅकेट वॉरंटीच्या मुदतीत मोडेल त्यांना उपयोग व्हावा, या हेतूनेही हे लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण बाजारात चौकशी केल्यावर असे दिसले की, ‘त्याच किमतीची दुसरी देतो’ हा प्रघात एकट्या तिचाच नाही.

माझी रॅकेट शाफ्टमध्ये मोडली. मूठ आणि डोके यांना जोडणारी ही कार्बन तंतूंची पोकळ नळी जेमतेम सात मिलिमीटर जाडीची असते आणि फटका मारताना सगळा ताण तिच्यावर येतो. डबल्समध्ये मागच्या कोपऱ्यातून टॉस (शटल उंच उडवून समोरच्याच्या मागच्या रेषेपर्यंत पोचवणारा फटका) मारताना, जोडीदाराच्या रॅकेटला किंवा जमिनीला काहीही न लागता, ती कोनच्या, म्हणजे मुठीच्या वरच्या निमुळत्या टोपीच्या, लगेच वर मोडली. शाफ्ट मुठीत घट्ट बसवलेला असल्यामुळे वाकवणारा जोर नेमका तिथेच सर्वांत जास्त असतो. रॅकेटवर रॅकेट आदळली असती तर फ्रेमचा रंग उडाला असता किंवा फ्रेमला तडा गेला असता. माझी फ्रेम कोरी करकरीत होती. तिचे चारही बाजूंचे फोटो पाठवल्यावर ‘उत्पादनातील दोष’ हे कारण केंद्राने विनातक्रार मान्य केले आणि इथवरचे सगळे सुरळीत झाले. बिल, शाफ्टवरचा अनुक्रमांक आणि गटिंग (जाळीचे गट, म्हणजे तारा, ताणून बसवणे) किती पौंडांच्या ताणावर केले होते त्याची चिठ्ठी, एवढे जवळ ठेवावे. चिठ्ठी जपून ठेवण्याची सवय मला आमच्या गटिंगवाल्यांनी लावली. फ्रेमवर छापलेल्या मर्यादेपेक्षा जास्त टेन्शन दिले असेल तर वॉरंटी बाद ठरते आणि तसे दिले नव्हते हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो.

अडचण पुढे सुरू झाली. माझे मॉडेल बंद झाले होते. केंद्राने कळवले की, त्याच किमतीचे दुसरे मॉडेल पाठवत आहोत, सोबतच्या अर्जावर संमती द्यावी. अर्जात रंगाच्या पसंतीसाठी चौकट होती, मुठीच्या जाडीसाठी चौकट होती, पत्त्याजवळची खूण लिहायलाही जागा होती. शाफ्टविषयी मात्र एक अक्षर नव्हते. कंपनीच्याच कॅटलॉगमध्ये पाहिले तेव्हा कळले की, माझ्या रॅकेटचा शाफ्ट ‘मीडियम’ होता आणि नव्या मॉडेलचा ‘एक्स्ट्रा स्टिफ’, म्हणजे जास्त ताठ, कमी वाकणारा. वजन दोन्हींचे फोर-यू, म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम. तोलही जवळपास सारखा. फरक होता तो एकट्या शाफ्टचा आणि नेमकी तीच बाब अर्ज करणाऱ्याला सांगायची सोय नव्हती.

मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ अत्यंत नम्र होते आणि त्या नम्रतेनेच माझा संयम अधिक लवकर संपला. “मॅडम, एमआरपी तीच आहे. उलट हे नवीन मॉडेल आहे, तुमचा फायदाच आहे,” असे ते म्हणाले. शाफ्ट वेगळा आहे, असे मी सांगितले. त्यावर, “दिसायला सेमच आहे मॅडम, आणि स्टिफ म्हणजे मजबूत,” असे उत्तर मिळाले. शाफ्टचा ताठपणा आणि त्याची मजबुती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे फोनवर समजावून सांगण्याचा प्रयत्न मी केला. “मी नोट टाकून ठेवतो,” असे आश्वासन मिळाले आणि पुढच्या ईमेलमध्ये पुन्हा तोच अर्ज, तीच रिकामी संमतीची चौकट.

हॉलवरही सहानुभूती मिळाली नाही. आमच्या गटातील एकाने भारताचा डबल्स खेळाडू सात्विकसाईराज रंकीरेड्डी याचे उदाहरण दिले. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधील सोका येथे त्याने मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला आणि तो गिनेसचा विक्रम ठरला. असे खेळाडू ताठ शाफ्टच वापरतात, मग तुम्ही का नाही म्हणता, असा त्यांचा प्रश्न होता. पण हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. मनगट आणि हात इतक्या वेगाने फिरवणाऱ्याला ताठ शाफ्ट लागतोच. पन्नाशीनंतर पहाटेचे डबल्स खेळणाऱ्या माझ्यासारखीला तो ओझे होतो. याचे कारण शाफ्टच्या कामातच आहे.

हात पुढे येऊ लागतो तेव्हा मूठ आधी वेग घेते आणि डोके क्षणभर मागे राहते. या अंतरामुळे शाफ्ट मागच्या बाजूला वाकतो, त्यात थोडी ऊर्जा साठते, आणि तो सरळ होताना डोक्याला हाताच्या वेगापेक्षा थोडा अधिक वेग देतो. शटल नेमके त्या सरळ होण्याच्या वेळी रॅकेटच्या जाळीवर आले तर फटक्याला तो जादा वेग मिळतो. शाफ्ट खेळणाऱ्याच्या मानाने फारच ताठ असेल तर तो पुरेसा वाकतच नाही, सगळा भार खांदा आणि कोपरावर पडतो आणि टॉस मागच्या रेषेपर्यंत जाण्याऐवजी मध्येच उतरतो. उलट, झपाट्याने रॅकेट फिरवणाऱ्याच्या हातात लवचीक शाफ्ट दिला तर शटलला स्पर्श होताना डोके अजून मागेच असते आणि फटका ठरवलेल्या ठिकाणी जात नाही. ताठ शाफ्टचे फायदे मला मान्य आहेत: नेटजवळचे ड्राइव्ह (सपाट, वेगवान फटके), अंगावर आलेला स्मॅश परतवणे, हे हात थोडासाच हलवून मारायचे फटके त्याने अधिक नेमके बसतात. पण माझा खेळ मागच्या कोपऱ्यातल्या टॉसवर उभा आहे आणि वॉरंटीत मला तोच खेळ परत हवा होता.

सुदैवाने आमच्या हॉलवर एका मैत्रिणीकडे ते ‘एक्स्ट्रा स्टिफ’ मॉडेल होते आणि दुसरीकडे माझ्यासारखीच जुनी रॅकेट. दोन्हींवर गटिंग २४ पौंडांचे होते. मी दोन्ही रॅकेटींनी काही खेळ खेळून पाहिले. नव्या मॉडेलने नेटजवळ मजा आली, पण मागून मारलेले माझे टॉस सतत अपुरे पडत होते आणि बॅकहँडला तर शटल अर्ध्या कोर्टाच्या पुढे जाईना. हा अनुभव मी केंद्राला सविस्तर कळवला. उत्तर आले: ‘खेळण्याचा अनुभव व्यक्तीनुसार बदलतो.’ हे वाक्य खरेच आहे, आणि म्हणूनच ते वाचून मला सर्वांत जास्त चीड आली.

मग मी मोजमाप करायचे ठरवले. जेवणाच्या टेबलाच्या कडेला रॅकेटची मूठ टॉवेलमध्ये गुंडाळून सी-क्लॅम्पने आवळली. कोन टेबलाच्या कडेशी, जाळी जमिनीला समांतर, शाफ्ट आणि डोके हवेत, अशी मांडणी होती. डोक्याच्या टोकाला सुतळीने वाण्याकडून आणलेले एक किलोचे लोखंडी माप टांगले आणि मागे उभ्या धरलेल्या पट्टीवर टोक किती खाली आले ते पाहिले. जुन्या मॉडेलचे टोक सुमारे तीन सेंटिमीटर खाली आले. नव्याचे सव्वादोनच्या आसपास थांबले. यात थोडा वाटा फ्रेमच्या वाकण्याचाही असतो, म्हणून हे आकडे प्रयोगशाळेचे नव्हेत, पण दोन रॅकेटींची तुलना करायला एवढे पुरते. ज्यांना रॅकेट निवडायची आहे त्यांनाही हा प्रयोग सुचवते. दुकानात एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने डोके धरून रॅकेट वाकवून पाहण्याची जी पद्धत आहे, तिच्यात फ्रेम किती वाकली आणि आपण जोर किती दिला हे कळतच नाही. शिवाय ‘स्टिफ’ आणि ‘मीडियम’ या शब्दांचे सर्व कंपन्यांना लागू असे समान माप नाही, त्यामुळे एका कंपनीचे ‘स्टिफ’ दुसऱ्या कंपनीच्या ‘मीडियम’शी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

‘दिसायला सेमच आहे’ या युक्तिवादाचेही उत्तर मी लिहून पाठवले. नळीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे भिंतीची जाडीही त्याच प्रमाणात वाढवून सात मिलिमीटरचा शाफ्ट ७.२ मिलिमीटरचा केला, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या फरकाने ताठपणा सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. व्यास तोच ठेवूनही फरक पाडता येतो. शाफ्ट बनवताना राळ मुरवलेल्या कार्बन तंतूंचे पत्रे धातूच्या गजाभोवती गुंडाळून उष्णतेने पक्के करतात. शाफ्टच्या लांबीशी समांतर असलेले तंतू त्याला वाकण्यापासून अडवतात, तर तिरपे, साधारण ४५ अंशांत बसवलेले तंतू पिळण्यापासून. शटल जाळीच्या मधोमध न लागता कडेला लागले तर शाफ्ट पिळतो आणि फटका भरकटतो. तिथे हे तिरपे तंतू कामाला येतात. लांबीचाही परिणाम मोठा आहे. नियमाप्रमाणे संपूर्ण रॅकेट ६८० मिलिमीटरपेक्षा लांब असता कामा नये, म्हणून कंपन्या त्या मर्यादेत मूठ आखूड करून शाफ्टला जागा देतात किंवा त्याच्या उलट करतात. आणि शाफ्टच्या टोकावर तेवढाच जोर लावला तर त्याचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वरच्या रंगाखाली यांतले काहीच दिसत नाही.

एवढे लिहून त्यासोबत टेबलावरच्या प्रयोगाचे दोन फोटो आणि कंपनीच्याच कॅटलॉगमधील ताठपणाच्या वर्गवारीचे पान जोडले. खरे तर ते पान पहिल्याच ईमेलसोबत जोडायला हवे, असा माझा आता आग्रह असतो. भौतिकशास्त्र कोणी वाचले असेल असे मला वाटत नाही. पण कंपनीने स्वतःच दोन मॉडेल वेगवेगळ्या गटांत छापली असताना ती सारखी आहेत असे कंपनीच्या माणसाला लेखी म्हणता येत नाही. काही काळ शांतता होती. नंतर दुसऱ्याच विभागातून एका बाईंचा फोन आला. त्यांनी माझ्या ईमेलचा उल्लेखही केला नाही. “तुमच्याच शाफ्टचं आधीचं मॉडेल गोडाऊनला आहे, पण रंग पोपटी आणि नारिंगी आहे, चालेल का?” एवढेच त्यांनी विचारले. चालेल म्हणजे काय! मी रंगाच्या चौकटीत ‘कोणताही’ असे लिहून अर्ज त्याच दिवशी पाठवला.

एक गोष्ट वरच सांगायची राहिली. बदली म्हणून आलेली रॅकेट हातात पडताच गटिंगला देऊ नये. एकदा गट चढवले की ती वापरलेली ठरते आणि परत घेत नाहीत. मी पार्सल उघडले, कोनवर ‘मीडियम’ छापलेले पाहिले, तरीही मूठ पुन्हा टेबलाला आवळून किलोचे माप टांगले. गट नसलेल्या रॅकेटची फ्रेम थोडी वेगळी वागते, हे ध्यानात घेऊनही टोक तीन सेंटिमीटरच्या जवळपास आले, तेव्हाच ती गटिंगवाल्याकडे गेली. मोडलेली रॅकेट केंद्राकडे पाठवतानाही तिचे गट कापू नयेत. माझ्या केंद्राने टेन्शनची खातरजमा करण्यासाठी ते तसेच मागितले होते.

नवी रॅकेट लांबूनही ओळखू येते, इतकी भडक आहे. टॉस पुन्हा मागच्या रेषेपर्यंत जातात. केंद्राच्या अर्जात शाफ्टसाठी अजूनही रकाना नाही, हे मी परवाच एका सहखेळाडूचा अर्ज भरून देताना पाहिले. त्यामुळे ‘इतर सूचना’ अशी जी बारीक ओळ शेवटी असते, तिथे आधीच्या मॉडेलचे नाव, त्याच्या शाफ्टचा छापील वर्ग आणि ‘याच वर्गाचा शाफ्ट नसल्यास पाठवण्यापूर्वी कळवावे’ हे वाक्य लिहावे, आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवावा.