किल्ला तलाव, उंच झेंडा आणि टीशर्टवरचे तारे

कोगनोळी नाका ओलांडला की पाट्या कन्नड होतात, बोलणं मात्र मराठीच राहतं. निपाणीत चहा, संकेश्वरला जरा ट्रॅफिक, आणि दुपारी बेळगावात आत्याकडे.

संध्याकाळी आत्या आणि तिच्या नातवाबरोबर किल्ला तलावावर गेलो. तिथला झेंडा 2018 मध्ये लागला, खांब 110 मीटरचा, मान मोडते बघताना, पण नेमका वारा पडलेला त्यामुळे झेंडा खांबाला चिकटून बसला होता. पोरगं म्हणालं, "काका, तिकडं काय बघुलालास, हे मोज की." अंगात खडे बाजारातला टीशर्ट, त्यावर अमेरिकेचा झेंडा. मोजले तर तारे 48, सहा ओळी, आठ-आठचे. छापणाऱ्याला सोपं पडलं असणार, पण गंमत म्हणजे 1912 ते 1959 खरंच तसाच झेंडा होता! मग अलास्का आलं, 49 झाले, ते जेमतेम वर्षभर टिकले, हवाई आलं आणि 4 जुलै 1960 पासून 50.

आधी तर ते पट्टेपण वाढवायचे. 13 राज्यांचे 13 पट्टे, मग व्हरमाँट आणि केंटकी आल्यावर 1795 पासून 15 तारे, 15 पट्टे. पण राज्यं येतच राहिली, असंच चाललं असतं तर पट्ट्यांच्या रेघा झाल्या असत्या, म्हणून 1818 मध्ये पट्टे परत 13 वर आणले आणि ठरवलं की नवीन राज्याला फक्त तारा द्यायचा, तोही पुढच्या 4 जुलैला.

आपल्याकडे हे बरं सुचलं नाही कुणाला. 22 जुलै 1947 ला चरख्याच्या जागी चक्र आलं ते आलं, नंतर 1956 ला 14 राज्यं झाली, आज 28 आहेत, झेंड्याला कुणी हात लावला नाही.

आत्या शेंगा सोलत ऐकत होती. म्हणाली, "मी जन्मले मुंबई राज्यात, शाळा शिकले म्हैसूर राज्यात, लगीन कर्नाटकात. आणि गल्ली तीच बघ." आता तारे असते तर हिचा नक्की कुठला धरायचा? आणि त्या एका ताऱ्यावरून इथं काय काय झालं असतं, गल्लीत भगवा आणि चौकात लाल-पिवळा बघून मी तो विचारच सोडून दिला.

पोरगं तोवर पट्ट्यांवर आलं होतं. बाराच भरले म्हणून रडवेलं झालं, तेरावा चड्डीत खोचलेला होता.