नॅकचा ५.२.२ आणि पांगलेली मुलं

नॅक म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करून श्रेणी देणारी राष्ट्रीय संस्था. आमच्या महाविद्यालयात आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, समन्वयकपद माझ्याकडे होतं तेव्हाची गोष्ट. नॅकच्या सात निकषांचं काम वाटून घेतलं, एसएसआर (महाविद्यालयाचा स्वयंमूल्यमापन अहवाल) वेळेत गेला. अडलं ते डीव्हीव्हीत, म्हणजे अहवालातल्या आकड्यांच्या पडताळणीत, तेही मेट्रिक (मोजमाप) ५.२.२ वर. पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी पुढच्या शिक्षणाला किती गेले?

विभागांनी आकडे दिले होते. डीव्हीव्हीला पुरावा हवा होता: प्रवेशपत्र किंवा ओळखपत्र, नावानिशी. उत्तराला मुदत १५ दिवसांची. मुलं तर पांगलेली, कोणी बी.एड.ला, कोणी एम.कॉम.ला, लग्न झालेल्या मुलींचे नंबर बदललेले.

आमची बरीच मुलं ज्या एका महाविद्यालयात एम.ए.ला जातात, तिथे प्राचार्यांचं पत्र घेऊन गेलो. आवक-जावकच्या खिडकीवर पोच मिळाली, यादी नाही. आधी साहेब रजेवर, मग 'विद्यार्थ्यांची माहिती बाहेर देत नाही', मग 'विद्यापीठाचं पत्र आणा'. नुसती प्रवेशाची खात्री द्यायची होती! अजूनही आठवलं की संताप होतो. नॅकची हीच पाळी त्यांच्यावरही येतेच ना?

कामाला आले ते आमचे ग्रंथालय परिचर. यादीवरून बोट फिरवत म्हणाले, "सर, ही टेलरची पोरगी. हिचा भाऊ आपल्याकडे एफवायला आहे." संध्याकाळी भावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून ओळखपत्र आलं. फोटो तिरपा, पण नाव, वर्ग, वर्ष स्वच्छ वाचता येत होतं. मग परिचर आणि आम्ही काही प्राध्यापक रोज यादी घेऊन बसायचो. मुदतीच्या आत पुरेसे पुरावे गेले. त्या माणसाचा मला फार अभिमान वाटतो. आपली मुलं पुढे कुठे गेली हे ज्याला ठाऊक होतं, त्याचं नाव गुणवत्तेच्या एकाही समितीत नव्हतं. पुढच्या वर्षी मी ते घातलं.

पीअर टीमची, म्हणजे नॅकच्या तज्ज्ञ पथकाची, भेट नीट पार पडली.

तुमच्याकडे नॅक असेल तर एक्यूएआर (वार्षिक गुणवत्ता अहवाल) दरवर्षी पुराव्यासकट भरा, पाच वर्षांचं एकदम गोळा होत नाही. कार्यक्रमांचे फोटो जिओ-टॅगसहित (ठिकाणाच्या नोंदीसह) काढा. ग्रामपंचायतीची मराठी पत्रं असतील तर इंग्रजी अनुवाद सही-शिक्क्यासह तयार ठेवा. आणि हो, लेखापरीक्षित हिशेबावर सीएची सही आधीच घ्या, मार्चअखेरीला ते सापडत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टीसीच्या खिडकीवरच एक छोटा फॉर्म ठेवा: पुढे कुठे, कोणत्या वर्गाला. सोबत वडिलांचा नंबर घ्या, तो सहसा बदलत नाही.