आधार सीडिंगचं काम नववीतच उरका: ब्युटी विषय ते ॲप्रेंटिसशिप

मी मुंबईतल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला ब्युटी अँड वेलनेस शिकवते. दहावीनंतर मुलींना सलॉनमध्ये ॲप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार म्हणून लावण्यासाठीच आमची सगळी धडपड असते. मुलींचा हात तयार असतो. गाडी अडते ती बँकेत.

सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी अर्ध्या तासात होते. सलॉन शोधताना एवढंच बघा, की तिथे किमान चार माणसं कामाला हवीत, नाहीतर ॲप्रेंटिस घेताच येत नाही. गल्लीतलं पार्लर म्हणजे मालकीणबाई आणि दोन मुली. ते यात बसत नाही, म्हणून मोठ्या सलॉनकडेच जावं लागतं.

आता बँक. २०१९ च्या नियमांत दहावी पास मुलीला महिन्याला किमान ६००० रुपये विद्यावेतन आहे. नॅप्स, म्हणजे ॲप्रेंटिसशिपला प्रोत्साहन देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, त्यातले २५ टक्के, जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार थेट मुलीच्या खात्यात टाकतं. उरलेले ४५०० सलॉन देतं. माझ्या एका विद्यार्थिनीला सलॉनचे पैसे आले, १५०० आलेच नाहीत. बँकेच्या काउंटरवर एकच उत्तर, ‘आधार लिंक आहे, आमच्याकडून काही बाकी नाही.’ तीन फेऱ्या झाल्या. मुलगी अठराच्या आतली, म्हणून दर वेळी पालक हवेत, म्हणजे आईच्या कामाला खाडा आणि पगारात कपात. एका सहीसाठी तीन खाडे! याचा मला मनापासून संताप आहे.

खरी गोम अशी: लिंक असणं म्हणजे फक्त केवायसी, म्हणजे बँकेची ओळख-पडताळणी, झालेलं असणं. सरकारी पैसा जातो तो एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडे त्या आधारसमोर ज्या बँकेची नोंद असेल, तिथे. त्याला सीडिंग म्हणतात. पुष्कळ मुलींचं सीडिंग लहानपणी स्कॉलरशिपसाठी काढलेल्या, आता बंद पडलेल्या खात्याला असतं. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, त्यात बँकेचं नाव दिसतं. नाव चुकीचं असेल तर चालू खात्याच्या बँकेत ‘आधार सीडिंग, डीबीटीसाठी’ (डीबीटी म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात) असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्याच. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. आठवड्याने स्टेटस पुन्हा बघा.

स्टेटस बघायला ओटीपी लागतो, त्यामुळे आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. वडिलांचा जुना, बंद झालेला नंबर असेल तर आधी आधार केंद्रावर तो बदला. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, तेही त्याच फेरीत उरका. मार्कशीटवर आडनाव आधी असतं आणि आधारवर शेवटी. तेवढ्याने घाबरू नका, पण स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाही फरक ठेवू नका. हे सगळं नववीतच करून घ्या. दहावीच्या निकालानंतर आधार केंद्रावर रांगा लागतात.

सलॉनबरोबरच्या ॲप्रेंटिसशिपच्या करारावर पालकांचीही सही लागते. सही करण्याआधी मुदत वाचा, ती सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत असू शकते.

सांगायचं राहिलं: सलॉनमध्ये घेण्याआधीच्या ट्रायलला बहुतेक थ्रेडिंगच, म्हणजे दोऱ्याने भुवया करायला लावतात. वरची पापणी आणि कपाळ समोरच्या बाईकडूनच दोन्ही हातांनी ताणून धरून घ्यायचं. कातडी सैल राहिली की दोरा केसाऐवजी कातडीला चिमटा घेतो आणि लाल रेघ उमटते. मुली घाईत नेमकं हेच विसरतात, म्हणून ट्रायलच्या आदल्या दिवशी एकमेकींवर दहा-दहा भुवया करून घ्या.