अठरा शीटा, साडेचारशे गोल्ड आणि माझा फायटर

पाथफाइंडर सोसायटीत (टेबलावर बसून खेळायच्या पाथफाइंडर या रोलप्लेइंग गेमची संघटित मोहीम, पहिली एडिशन) माझा फायटर, म्हणजे माझं लढवय्या पात्र, सातव्या लेव्हलला पोचला आणि मी खुशीत पुस्तकातला वेल्थ बाय लेव्हलचा (कुठल्या लेव्हलला पात्राकडे किती संपत्ती असावी याचा) तक्ता उघडला, तिथे सातव्या लेव्हलला २३,५०० गोल्ड. माझ्या सगळ्या क्रॉनिकल शीटांवरची (प्रत्येक खेळानंतर मिळणारा हिशेबाचा कागद) कमाई जोडली तर सुरुवातीचे १५० धरून २४,८६० आली, म्हटलं चला आपण पुढेच आहोत की! मग टेबलवरच्या बाकीच्यांकडे इतकं सामान आणि माझ्याकडे काहीच कसं नाही?

तर तो तक्ता कमाईचा नाहीच, आज अंगावर असलेलं सामान आणि खिशातली रोकड यांचा आहे. संपलेली पोशन (जादूची औषधं), वापरून टाकलेले स्क्रोल (मंत्राचे कागद), अर्ध्या किमतीत विकलेल्या वस्तू हे त्यात नाही. हे वाक्य मी चार वेळा वाचलं असेन पण डोक्यात शिरलं नव्हतं.

मग एका रविवारी बसलो. इथे तीन एक्सपीला (अनुभवाच्या पॉइंटांना) एक लेव्हल आणि साधारण एका सिनॅरिओला (एका गोष्टीच्या खेळाला) एक एक्सपी, म्हणजे पहिल्या लेव्हलपासून सातव्यापर्यंत अठरा शीटा. पहिल्यापासून सगळं स्प्रेडशीटमध्ये टाकलं: मागची शिल्लक, कमाई, खर्च, नवी शिल्लक. बिचारा पंधराव्या सिनॅरिओत मेला होता, रेझ डेडचे (मेलेल्याला उठवणारा मंत्र) ५,४५० गेले, वर दोन निगेटिव्ह लेव्हल (उठवल्यावर उरणारा अशक्तपणा) काढायला रिस्टोरेशन हा मंत्र, १,२८० चं एक, तेही दोनदा, दुसरं तर पुढच्या गेमनंतर जमलं. पैसे उभे करायला +१ ची जादूची तलवार विकली, २,३१५ ला घेतलेली, हातात अर्धेच. रेझ डेड १६ प्रेस्टीज पॉइंटमध्ये (सिनॅरिओतून मिळणारे मानाचे पॉइंट) पण होतं, माझ्याकडे पॉइंट पडून होते, पण मी ते "पुढे मोठ्या कामाला लागतील" म्हणून जपून ठेवले. मरण्याहून मोठं काम कुठलं होतं देव जाणे.

एवढं सगळं वजा करून सामान साडेचौदा हजारांच्या आसपास. सहाव्या लेव्हलचा आकडा १६,००० आहे, म्हणजे मी तिथेही पोचलो नव्हतो.

ते एकवेळ पचलं, पण स्प्रेडशीटची शेवटची शिल्लक अठराव्या शीटवरच्या शिल्लकेपेक्षा बरोब्बर ४५० ने कमी. ४५०! रेझ डेडमध्ये हिरा ५,००० चा आणि मंत्र टाकायची फी ४५०, त्यामुळे मला वाटलं फीच लिहायची राहिली, तासभर पंधरावी शीट घेऊन बसलो आणि फी तिथे स्पष्ट लिहिलेली. शेवटी आठवलं की फरकाला ९ ने भाग जात असेल तर आकडे उलटेपालटे लिहिले गेले का ते बघायचं, हिशेबाची जुनी युक्ती आहे. सापडलं. अकराव्या शीटच्या शेवटी १,३८६, बाराव्याच्या सुरुवातीला माझ्याच अक्षरात १,८३६.

आणि बाराव्यातच मी क्लोक ऑफ रेझिस्टन्स (बचावाचे डाव सुधारणारा जादूचा झगा) +१ वरून +२ केला होता, फरकाचे ३,००० देऊन. त्या दिवशीची कमाई १,६००, म्हणजे खरे पैसे २,९८६. चौदा गोल्ड कमी! चौदा! एक पोशनसुद्धा येत नाही त्यात.

जीएमला (खेळ चालवणाऱ्याला) सगळ्या शीटा दाखवून सांगितलं, तो आधी हसला, मग म्हणाला की क्लोकची खरेदी तेराव्या शीटवर टाक, ४५० आत्ताच्या शिल्लकेतून काप, दोन्हीकडे तारीख घालून सही घे. तेरावा सिनॅरिओ मी त्या क्लोकसकट खेळलो होतो आणि एक विल सेव्ह (मनावरच्या हल्ल्यातून वाचायचा डाव) बरोबर काठावर वाचलेली मला चांगली आठवतेय, ते पण सांगून टाकलं. तो म्हणाला, जाऊ दे, नंतर मेलासच ना.

बेल्ट ऑफ जायंट स्ट्रेंग्थ +२ (ताकद वाढवणारा पट्टा) ४,००० चा आहे, तो आता निदान दोन सिनॅरिओ तरी लांबला. पुढच्या शीटपासून शिल्लक आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहितोय, चेकवर लिहितात तशी, टेबलवर सगळे चिडवतात.