तोरणमाळचा घाट आणि डिकीतली छोटी स्टेपनी

धुळ्याहून चिमठाणे, दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा असं गेलो. दत्तजयंतीच्या सुमारास निघणार असाल तर सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची गर्दी धरूनच वेळ काढा. शहाद्यापुढे सातपुड्यातल्या तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणापर्यंत ५०-५५ किलोमीटर. टाकी, हवा, पाणी सगळं शहाद्यातच उरकायचं. वर काही मिळेल या भरवशावर राहू नका.

आमच्या गाडीत स्टेपनी बारीक, इतर चाकांहून वेगळी. तिला हवा ६० पीएसआय लागते, बाकीच्या चाकांच्या जवळजवळ दुप्पट. आकडा टायरच्या कडेवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, छापलेला असतो. न सांगता दिलीत तर हवावाला सवयीने तीस-बत्तीस भरून मोकळा होतो. साठ सांगितल्यावर आमचा म्हणाला, "इतली हवा कसाले, भाऊ? फुटी जाई ना!" छापलेला आकडा दाखवला तेव्हा कुठे भरली. डिकीत पडून हवा हळूहळू उतरतेच, म्हणून महिन्यातून एकदा बघावी. खान्देशच्या उन्हात रबर न वापरताही म्हातारं होतं. टायर कधी बनला ते कडेवरच्या चार आकड्यांत वाचा: १८१९ म्हणजे २०१९ चा अठरावा आठवडा.

यशवंत तलाव, सीताखाई बघून उतरताना एका वळणावर कडेच्या धारदार दगडाने पुढच्या डाव्या टायरची कड चिरली. कड फाटली की पंक्चरची पट्टी चालत नाही आणि बाटलीतलं भोक बुजवायचं औषधही नाही. २०२० पासून काही अटींवर स्टेपनीशिवाय गाड्या विकायला परवानगी आहे, तिच्याऐवजी पंक्चरचं किट देतात. तशी गाडी घेऊन या घाटात येणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावं.

गाडी सपाटीला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. नट जॅक लावण्याआधीच सैल करायचे, चाक अधांतरी असताना जोर लावला तर गाडी जॅकवरून सटकते. आमची गाडी पुढच्या चाकांवर ओढते. तिथे छोटं चाक लावलं तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि डिफरन्शियलवर, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागावर, ताण येतो. म्हणून मागचं चांगलं चाक पुढे आणि स्टेपनी मागे. काम दुप्पट, घामही दुप्पट, पण उतारावर स्टिअरिंग आणि ब्रेक बरेचसे पुढच्या चाकांवरच असतात. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. पान्ह्यावर उभं राहून आवळायचा पराक्रम नको. ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही: काढलेलं मोठं चाक स्टेपनीच्या खड्ड्यात मावत नाही. पाच माणसं आणि सामान असेल तर ते कुणाच्या तरी मांडीवर यायचं. जुनी चादर आणि हातमोजे गाडीत ठेवा.

या छोट्या चाकावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते, पण ती सपाट रस्त्यासाठी समजा. घाटात आम्ही दुसऱ्या गिअरवरच उतरलो. चाक बुटकं असल्याने त्या बाजूला गाडी किंचित बसते, त्यामुळे गतिरोधक तिरके नका घेऊ. ब्रेकला अंतर जास्त लागतं, पुढच्या ट्रॅक्टरपासून लांब राहा. शहाद्यात त्याच मापाचा टायर मिळाला. दुकानात जाण्याआधी माप लिहून न्या आणि छोटं चाक परत ठेवताना त्यातली हवा तिथेच तपासून घ्या.