ट्रेलरचा टायर गोटा होत नाही, म्हातारा होतो

निघून चौथा तास, ऊन डोक्यावर. आरशात बघतो तर गाडीमागे जोडलेल्या, आत राहायची सोय असलेल्या ट्रेलरच्या उजव्या बाजूने काळा पट्टा उडाला आणि मागचा गाडीवाला जिवाच्या आकांताने हात करतोय. मला तर काही जाणवलंच नव्हतं, कारण दोन अ‍ॅक्सल असले की एक टायर गेला तरी शेजारचा ओझं घेतो आणि ओढणाऱ्याला पत्ताच लागत नाही. बाजूला घेऊन बघतो तर टायरची अख्खी साल निघालेली, जाता जाता तिने चाकावरचं कव्हर फाडलं, वायरी लोंबतायत.

बायको म्हणाली, "निघताना टायर बघितले होतेस ना रे?" बघितले होते की! खाचा नख बुडेल एवढ्या खोल. तिथेच तर फसलो. ट्रेलर वर्षातले बरेच महिने नुसता उभा, त्यामुळे टायर झिजत नाही, उभ्या उभ्या म्हातारा होतो. ऊन आणि हवेतला ओझोन रबर कडक करतात, आणि टायर फिरला नाही तर रबरातलं मेणासारखं संरक्षण वरती येत नाही. मोबाइलचा टॉर्च मारला तर शेजारच्या टायरच्या कडेला केसासारख्या भेगा! तारखेचा पूर्ण नंबर आतल्या बाजूला, म्हणून पाठीवर सरपटत खाली गेलो, शेवटचे चार आकडे 1416. म्हणजे 2016 चा 14वा आठवडा. खाचा कितीही असोत, ट्रेलरचे टायर 5-6 वर्षांत बदलायचे असतात. सेकंडहॅन्ड घेताना मी गाद्या दाबून बघितल्या, बाथरूमचे नळ सोडून बघितले, हे चार आकडे मात्र नाही वाचले.

स्टेपनीही त्याच वयाची निघाली, हवा निम्मी. कॉम्प्रेसरने भरली, नट जमिनीवरच सैल केले आणि जॅक फ्रेमला लावला, अ‍ॅक्सलला नाही (अ‍ॅक्सल वाकला तर नवे टायरही वाकडेतिकडे झिजणार). मग रांगत रांगत टायरवाल्याकडे.

तो म्हणे, कारचे टाकून देतो, स्वस्तात पडतील. नको म्हटलं. एसटी (म्हणजे स्पेशल ट्रेलर, खास ट्रेलरसाठीचे) लिहिलेलेच हवेत, त्यांच्या कडा जाड असतात, वळताना ट्रेलर चाकं आडवी घासत नेतो ते त्यांना झेपतं. एकाच्या ऐवजी चारही बदलले, खिसा हलका झाला पण फुटलेल्याच्या शेजाऱ्याने दुप्पट वजन ओढलेलं, त्याच्यावर कोण भरवसा ठेवणार. लोड रेंज (टायर किती ओझं पेलतो त्याची श्रेणी) ई, म्हणून हवा 80 पीएसआय, आणि एवढ्या प्रेशरला व्हॉल्व्ह मेटलचे. हवा सकाळी थंड टायरला, कडेवर लिहिलेल्या कमाल आकड्याएवढी. दुपारी आकडा चढलेला दिसतो, तेव्हा हवा सोडायची नाही. मी पूर्वी सोडायचो, शहाणा! हवा कमी तर टायर जास्त दबतो, जास्त तापतो. वर मी 120 ने पळवत होतो, जुन्या टायरची मर्यादा ताशी 105.

नट समोरासमोरचे घेत टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळले, आणि 80 किलोमीटरवर परत थांबलो. बायको खिडकीतून, "आता काय?" म्हटलं काही नाही, आवळून बघतो. सगळे घट्ट निघाले आणि शेवटचा एक चक्क पाव फेरा फिरला.