मग घाट कुठे गेला?

मी लग्नांचे फोटो काढू लागले त्याच्या पहिल्याच वर्षी, मे महिन्यात, वाईजवळच्या मेणवलीला एका नवरीचे फोटो काढायचे होते. सीमांतपूजनाला अजून अवकाश होता, घरात पाहुण्यांची गर्दी उसळलेली होती आणि नवरीची मावशी आम्हाला दोघींना सूर्यास्ताच्या सुमारास नाना फडणवीसांच्या घाटावर घेऊन गेली. काळ्या पाषाणाच्या पायऱ्या, खाली कृष्णेचे पाणी, वर जांभळट होत चाललेले आकाश आणि मध्यभागी मोरपंखी पैठणी नेसलेली मुलगी, असे दृश्य माझ्यासमोर होते. मी कॅमेऱ्यावरच फ्लॅश बसवला आणि चाळीसेक फोटो काढले. छोट्या पडद्यावर चेहरा स्वच्छ दिसत होता, त्यामुळे मी निर्धास्त होते. आठवड्याने अल्बमचे नमुने दाखवायला गेले, तेव्हा नवरीच्या आजीने चष्मा पुसून पहिला फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "अगं, घाटावर नेलं होतंस ना हिला? मग घाट कुठे गेला?"

घाट खरोखरच नव्हता. चेहरा, नथ आणि पैठणीचे काठ व्यवस्थित उजळले होते, पण त्यांच्या मागे फक्त काळोख होता. तो फोटो एखाद्या स्टुडिओत काळा पडदा लावून काढला असता, तरी फारसा फरक पडला नसता.

चूक कुठे झाली हे त्या रात्री आकडे पाहून कळले. दुपारी घरात केलेली मांडणी मी तशीच ठेवली होती: आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, १००; अॅपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, एफ ५.६; आणि शटर उघडे राहण्याचा वेळ सेकंदाचा १/२०० भाग. फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे आपोआप मोजमाप करण्याच्या पद्धतीवर, असल्यामुळे त्याने चेहऱ्यापुरता उजेड स्वतःच मोजून दिला आणि माझी चूक माझ्यापासूनच लपवली. त्या वेळच्या आकाशाला त्याच आयएसओ आणि अॅपर्चरवर १/१५च्या आसपासचे शटर हवे होते, म्हणजे पार्श्वभूमी जवळजवळ चार स्टॉप कमी पडली होती; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. त्यात बेसॉल्टचा दगड मुळातच उजेड गिळणारा, तेव्हा पायऱ्या दिसण्याची शक्यताच उरली नव्हती.

फ्लॅश वापरून काढलेल्या प्रत्येक फोटोत एकावर एक असे दोन फोटो असतात, ही गोष्ट मला तिथे समजली. एक फोटो असतो तो आधीपासून असलेल्या उजेडाचा आणि दुसरा आपण आणलेल्या उजेडाचा. अॅपर्चर आणि आयएसओ या दोन्ही फोटोंवर सारखाच परिणाम करतात. शटरचे मात्र तसे नाही. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका टिकतो आणि ताकद कमी केली तर त्याहूनही कितीतरी थोडा. तेव्हा शटर १/२०० ठेवा किंवा १/२५ ठेवा, फ्लॅशचा सगळा प्रकाश त्या अवधीत येऊन गेलेला असतो. आकाश, पाणी आणि दगड यांचा प्रकाश मात्र शटर जितका वेळ उघडे राहील तितका साठत जातो. म्हणून शटर हा पार्श्वभूमीचा नळ आहे आणि फ्लॅशची ताकद हा चेहऱ्याचा. हे एकदा हाताला उमगले की बाकीचे बरेचसे काम मोजमापाचे उरते.

तेव्हापासून मी फ्लॅश बंद ठेवूनच सुरुवात करते. आधी फक्त जागेचा फोटो काढायचा, त्यात नवरी काळसर आकृतीसारखी दिसली तरी चालेल. आकाश आणि घाट आपल्या मनात आहेत तसे दिसेपर्यंत शटर फिरवायचे. मला स्वतःला पार्श्वभूमी कॅमेऱ्याच्या मोजमापापेक्षा एक स्टॉप कमी आवडते, कारण मोजमाप संध्याकाळचीही दुपार करून टाकते. दीड स्टॉपच्या खाली मात्र मी सहसा जात नाही, तिथून पुढे आजींचा प्रश्न सुरू होतो. हे जमले की मग फ्लॅश मॅन्युअलवर, म्हणजे ताकद आपण हाताने ठरवायची अशा पद्धतीवर, पूर्ण ताकदीच्या १/३२वर लावायचा, एक फोटो पाहायचा आणि चेहऱ्यासाठी ताकद वर-खाली करायची. टीटीएल वाईट आहे असे नाही. वरातीत नाचणाऱ्यांच्या मागे धावताना मीही तेच वापरते. पण एका जागी उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढताना दर वेळी बदलणारा फ्लॅश म्हणजे दर घासाला मिठाचे प्रमाण बदलणारा स्वयंपाकी.

पुढे दोन वर्षांनी त्याच घाटावर दुसऱ्या एका नवरीचे फोटो काढण्याचा योग आला आणि तेव्हाचे ते वीस मिनिटांचे काम मला अजून पाठ आहे. आपल्याकडे संधिप्रकाश फार वेळ थांबत नाही; सूर्य बुडाल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत कामाचा उजेड संपतो. मी आयएसओ ४००, एफ २.८ ठेवले आणि उजेड मऊ करणारी छत्री लावलेला फ्लॅश नवरीच्या डावीकडे, दीड मीटरवर, तिच्या डोक्यापेक्षा थोडा उंच धरायला मदतनीसाला सांगितले. पहिले फोटो १/२०० शटरवर झाले. काही मिनिटांनी आकाश गडद वाटू लागले तेव्हा १/१००, मग १/५० आणि शेवटी १/२५. या सगळ्या वेळात मी फ्लॅशला हात लावला नाही, अॅपर्चरही बदलले नाही आणि नवरी जिथे होती तिथून हलली नाही. त्यामुळे पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत चेहऱ्याचा उजेड एकसारखा आहे, आणि मागचे आकाश मात्र केशरीकडून निळ्याकडे सरकत गेलेले दिसते. १/२५ला पोहोचल्यावर तिला पदर वाऱ्यावर उडू न देता हातात धरायला सांगावे लागले, कारण फ्लॅशने गोठवलेल्या काठाशेजारी उडालेल्या काठाची पुसट सावली उमटू लागली होती.

उजेडाचे प्रमाण जुळले तरी रंग जुळतोच असे नाही. फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा, म्हणजे दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो. सूर्य मावळताना सगळीकडे सोनेरी झाक असते आणि अशा वेळी पांढराफटक चेहरा दुसरीकडून कापून आणून चिकटवल्यासारखा दिसतो. त्यावर उपाय म्हणून सीटीओ नावाची नारिंगी जेल, म्हणजे फ्लॅशसमोर लावायचा पारदर्शक रंगीत कागद, असते; ती पाव, अर्धी आणि पूर्ण अशा मात्रांत मिळते. सूर्यास्ताला मी पाव किंवा अर्धी लावते. आकाश निळे झाल्यावर अर्धी जेल तशीच ठेवून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा मानायचा ती मांडणी, ४००० केल्विनच्या आसपास आणला, तर चेहरा स्वाभाविक राहतो आणि आकाश डोळ्यांना दिसले त्याहून निळे उतरते. ही युक्ती मोहक आहे, म्हणूनच तिचा अतिरेक फार होतो. हळद लागलेल्या चेहऱ्यावर तर पाव जेलसुद्धा जास्त होते; तिथे हळदीनेच जेलचे काम केलेले असते.

अंतराचा हिशेबही इथेच सांगते. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे फ्लॅशपासून एक मीटरवर असलेल्या नवरीच्या तुलनेत १.४ मीटरवर उभ्या असलेल्या मामांना निम्माच प्रकाश मिळतो, म्हणजे पूर्ण एक स्टॉप कमी. फ्लॅश तीन मीटर मागे नेला आणि ताकद वाढवली, तर त्याच दोघांमधला फरक फारसा जाणवत नाही. एकटीचा फोटो असेल तर जवळचा फ्लॅश मला आवडतो, कारण चेहऱ्यापासून निऱ्यांपर्यंत उजेड हळूहळू उतरत जातो आणि जरीची चमक डोळ्यांत खुपत नाही.

दुपारचे गणित वेगळे, आणि खरे सांगायचे तर कष्टाचे आहे. कडक उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० असताना सुमारे एफ ११ लागते. शटर यापेक्षा जलद करता येत नाही, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५०च्या पुढे एक पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा मिटू लागतो आणि फोटोवर काळी पट्टी येते. फ्लॅशच्या खोक्यावर छापलेला ६० हा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, झोत अगदी अरुंद केल्यावरचा असतो. झोत रुंद केला की तो अर्ध्याच्या आसपास येतो आणि छत्री उरलेल्यातूनही आपला वाटा घेते. मग एफ ११ला उन्हाशी बरोबरी करायची तर फ्लॅश चेहऱ्यापासून जेमतेम एक मीटरवर, फ्रेमच्या काठाला लागून धरावा लागतो. हाय स्पीड सिंकने, म्हणजे त्याहून जलद शटरलाही फ्लॅश चालवण्याच्या सोयीने, ही अडचण सुटते असे पुष्कळांना वाटते, पण त्यात फ्लॅश एका झोताऐवजी अनेक बारीक झोत टाकतो आणि त्याची ताकद चांगलीच घटते. अॅपर्चर उघडून पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी ते उपयोगी आहे, उन्हाला हरवण्यासाठी नाही. एनडी फिल्टर, म्हणजे भिंगावर लावायची काळसर काच, तर ऊन आणि फ्लॅश दोघांनाही सारखाच कमी करतो. मी सरळ झाडाची सावली शोधते. सावलीत माणसावरचा उजेड दोन-तीन स्टॉपांनी उतरतो, आणि तेवढे अंतर भरून काढणे लहान फ्लॅशच्याही आवाक्यात असते.

सगळ्यात नाजूक काम मात्र गौरीहराचे. एका जुन्या वाड्याच्या माजघरात पिवळी अष्टपुत्री नेसून पाटावर बसलेली नवरी, समोर गौरीहर, शेजारी पाच वातींची समई आणि एवढाच उजेड. वर काळपट सागवानी तुळया, त्यामुळे छतावर फ्लॅश मारून उजेड परत मिळण्याची आशा नव्हती. पांढऱ्या छताच्या कार्यालयात सवय झालेला हात अशा वेळी नुसताच वर वळतो. समईच्या उजेडाला आयएसओ १६००, एफ २ आणि १/६० असे ठेवल्यावर ज्योती आणि तिच्या गालाची एक कड दिसू लागली, बाकी चेहरा अंधारात. फ्लॅश वरून दिला असता तर समई खोटी पडली असती, कारण समईचा उजेड खालून आणि जवळून येतो. भिंतीत समईच्याच बाजूला, पाटावर बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर एक कोनाडा होता. त्यात मी फ्लॅश ठेवला, त्यावर पूर्ण सीटीओ आणि बटर पेपरचा तुकडा लावला आणि ताकद १/१२८ केली. तरीही जरा जास्त वाटले, म्हणून बटर पेपरची आणखी एक घडी घातली. भटजींनी एकदा कोनाड्याकडे पाहिले आणि काही न बोलता मंत्र पुढे चालू ठेवले. तो फोटो घरच्यांना दाखवला तेव्हा नवरीच्या आईला त्यात फ्लॅश आहे हे पटेना, आणि मीही फार आग्रह धरला नाही.

तिथून कार्यालयात गेले की वेगळीच डोकेदुखी सुरू होते. स्टेजवरचे स्वस्तातले एलईडी दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर १/२०० केले की पार्श्वभूमीवर आडवे पट्टे उमटतात. म्हणून तिथे शटर १/१०० किंवा १/५० यांच्यावर बांधले जाते, पार्श्वभूमीचा नळ आपल्या हातून जातो आणि सगळी तडजोड आयएसओ व अॅपर्चरवर येऊन पडते. मग चेहऱ्यासाठी फ्लॅश पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो. हल्ली मी स्टेजचे दिवे लावणाऱ्या दादांना अक्षतांच्या तासभर आधी गाठते आणि जांभळे दिवे तेवढे बंद ठेवायची विनंती करते. दहातले सात जण ऐकतात.